गुरुवारी कापलेलं भात

दिवाळी संपल्यापासून तुळशीचं लग्न होईपर्यंतचे जे दिवस असतात, ते मला या वयातही धड सुखाने घालवता येत नाहीत. बाकीच्या जगाला त्या दिवसांचं फार कौतुक. हवा कोरडी होते, पहाटे पायाशी सरकलेली गोधडी वर ओढावीशी वाटते, बाजारात पावट्याच्या शेंगा येतात, आणि आमच्या सोसायटीतली तरुण मंडळी शनिवार-रविवारी तळ्याकाठी तंबूत झोपायला जातात. माझं लक्ष मात्र आभाळाकडे. दुपारी जरा मळभ आलं की मी दहादा गॅलरीत जाऊन येते. सून म्हणते, "आई, आता आपलं काय भिजणार आहे? गॅलरीतले कपडे?" बरोबरच बोलते ती. मोशीला सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचं भिजून भिजून काय भिजणार! पण खोड जात नाही. ती लागली कशी, ते एकदा लिहून टाकते, म्हणजे सुनेला पुन्हा पुन्हा सांगायला नको.

त्या वेळी आम्ही तळवड्याला राहत होतो. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं चहाच्या टपऱ्यांवर इंग्रजीत भांडतात. तेव्हा पत्र्याच्या शेडी होत्या आणि त्यांच्या मागे आमच्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे एक प्रेस मशीन चालायचं. त्याचा ठोका इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तरच आम्हाला जाग यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर होते. त्यांच्या शर्टाला कायम तेलाचा वास, आणि त्यांचा स्वभाव असा की घरात असले काय आणि शिफ्टला असले काय, फरक कळू नये. आई सोडा घालून तो शर्ट भिजवायची, वास तरीही जायचा नाही. आमच्या घराची ऐट एकच होती, गावाकडचा आंबेमोहर. आईने चुलीवर भात ठेवला की अख्ख्या चाळीला कळायचं. शेजारच्या मराठवाड्यातल्या वहिनी ज्वारीची भाकरी घेऊन यायच्या आणि वाटीभर भात घेऊन जायच्या. तो सौदा दोन्ही घरांना परवडायचा.

आमचं गाव मावळात. त्यावर धरण आलं, गाव वर डोंगराच्या अंगाला सरकलं आणि रानं पाण्याखाली गेली. आमची तेवढी तीन खाचरं वाचली, अगदी पाण्याच्या कडेला. धरण झाल्यापासून तिथली हवाच बदलली, असं आई म्हणायची. पूर्वी कार्तिकात भात कापून दोन दिवस उन्हात पसरलं की खडखडीत वाळायचं. आता पाण्यावरून सकाळी धुकं उठायचं ते उन्हं चांगली वर येईपर्यंत हलायचं नाही. सगळ्या रानावर दव. वाळायला दिवस वाढले, आणि जेवढे दिवस भात उघड्यावर, तेवढा जीव टांगणीला. पण आईला ते रान म्हणजे काय होतं, हे तळवड्यात तिला बघणाऱ्याला कधीच कळलं नसतं. तळवड्यात ती दुकानदारापुढेसुद्धा हळू आवाजात बोलायची, बसचा नंबर मला विचारायची. गावच्या बांधावर पाय ठेवला की तीच बाई मोठ्यांदा हाका मारायची, कोणी वाकडी लावणी केली तर पुरुषमाणसाला रोपं उपटून परत लावायला सांगायची. मला तिचा तो आवाज ऐकायला इतका आवडायचा की मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहायची, म्हणजे तिला आणखी मोठ्याने ओरडावं लागेल.

आता गुरुवारचं, आमच्या गावच्या भाषेत बेस्तरवारचं, सांगते, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कधीकाळी असं ठरलं आणि मग तेच अंगवळणी पडलं. आमच्या गावातले कमावते हात सगळे कोणत्या ना कोणत्या कंपनीत. त्यामुळे गावाची शेती गुरुवारची झाली. लावणी गुरुवारी, कापणी गुरुवारी. सावड करायचे, म्हणजे या गुरुवारी सगळे मिळून एकाचं भात कापणार, पुढच्या गुरुवारी दुसऱ्याचं. पैसे नाहीत, फक्त हाताला हात. यात गंमत अशी, की पूर्वी कापणीच्या दिवशी कोंबडं कापायची रीत होती. आता गुरुवार आला म्हणजे दत्ताचा वार, निम्म्या लोकांचा उपास आणि उरलेल्यांना मटण वर्ज्य. त्यामुळे कंपनीच्या कृपेने आमची अख्खी आळी कापणीला शाकाहारी झाली. पावट्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि खर्डा. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही बापू म्हणायचो, ते दरवर्षी आमटीच्या पातेल्यात डोकावून म्हणायचे, "कोंबडं पोहून गेलंय का यातून?"

बापू भोसरीला होते. घरातले कर्ते. त्यांच्या शब्दापुढे अण्णा जात नसत. आणि आई तर बापूंशी बोलतच नसे. भांडण नव्हतं, थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही हा रिवाज. काही सांगायचं असलं की मध्ये मी. दोघं एकाच खोलीत, दोघांना एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय, तरी निरोप माझ्या नावाने. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बापू तळवड्याला आले, चहा घेतला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "नंदे, तुझ्या आईला सांग, पुण्याचं एक सायब पान्याकडंची जागा बघून गेल्यात. बंगला बांधायचा म्हनत्यात. तीन तुकड्यांसाठी आपुन किती दीस वढाताण करायची?"

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "बापूंना सांग, रानाचं समदं मी बघती. त्यांनी वढाताण करू न्हाई."

"कापनीला मानसं लागत्यातच की."

"कापनीला बेस्तरवार हाय, म्हनावं."

मी नुसती मान इकडून तिकडे फिरवत होते. बापूंनी रिकामा कप खाली ठेवला. मग आईच बोलली, आणि ते ती का बोलली हे मला अजून कळलेलं नाही. म्हणाली, "सांग त्यांना, औंदा दोन्ही घरांना सालभर पुरंल एवढा तांदूळ निघाला तर रान ठिवायचं. न्हाई निघाला, तर मी आडवी यायची न्हाई." बापूंनी मान हलवली. अण्णा दारात बसून चपलेचा अंगठा दाबत होते. म्हणजे ठरलं.

आणि त्या वर्षी भात आलंही तसं. लोंब्या अशा वाकल्या होत्या की बांधावरून जाताना पोटऱ्यांना लागायच्या. आई गावाहून आली की सांगता सांगता दमायची. दिवाळीत तिने मला न विचारता नव्या बांगड्या भरल्या, यावरून ती किती निर्धास्त होती ते समजा. आमची पाळी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी होती. त्याच्या आदल्या मंगळवारी संध्याकाळी मी रेडिओ ऐकत होते. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगायचे, ते ऐकायचं काम माझ्याकडे असायचं. येत्या चार दिवसांत मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे, असं तो माणूस एखाद्या गावच्या यात्रेची तारीख सांगावी तितक्या शांतपणे म्हणाला. मी आईला सांगितलं. तिने पोळपाट बाजूला ठेवला.

"आपलं गाव मध्य महाराष्ट्रात येतं का?"

"येतं. भूगोलात हाय."

"आन तुरळक ठिकानी म्हंजी?"

"म्हंजी कुठंकुठं. समदीकडं न्हाई."

"कुठं, ते न्हाई सांगत?"

"न्हाई."

"मंग सांगत्यात तरी कशाला," आई म्हणाली, आणि पोळपाट पुन्हा पुढे ओढला. पण त्या रात्रीच्या पोळ्या एकीकडून करपल्या होत्या.

आज माझ्या मोबाइलवर तासातासाचा पाऊस दिसतो. बापूंचा नातू त्याच तळ्याकाठी तंबू भाड्याने देतो. दर बुधवारी तो पाहुण्यांसाठी हवेचा अंदाज टाकतो: या आठवड्यात गारवा, पहाटे धुकं, आकाश निरभ्र, गरम कपडे आणा. चुकला तर लोक पैसे परत मागतात म्हणून तो चार-चार ठिकाणचे अंदाज ताडून बघतो. मला तो म्हणतो, "आत्या, तुमच्या वेळी हे असतं तर?" मी मनात म्हणते, अंदाज तेव्हाही होता, बाळा. चांगला खराही होता. आमच्यात तो न कळलेलं एकही माणूस नव्हतं.

कारण त्या बुधवारी संध्याकाळी सगळे गावाला जायला निघाले, तेव्हा एसटीच्या थांब्यावरच आईने माझ्या तोंडून बापूंना सांगितलं, की उद्या नको, रेडिओ पाऊस म्हणतोय, एक गुरुवार पुढे ढकला. बापूंनी ते उडवून लावलं नाही. त्यांनीही ते ऐकलेलं होतं. म्हणाले, "पुढला बेस्तरवार शंकरनानाचा हाय. त्याचं बी भात पिकून उभं हाय, त्याला कुठल्या तोंडानं थांब म्हनू? त्याच्या फुडल्या बेस्तरवारपत्तुर आपल्या लोंब्या झडून जातील. सांग तुझ्या आईला." ते तिला सांगायची गरज नव्हती. दाणा कधी गळतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? अण्णांनी एवढंच विचारलं, "शुक्रवारी रजा टाकू का?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "न्हाई देनार. माल जायचाय." मजुरीने माणसं घ्यावीत तर गावात माणूस होतंच कुठे! सगळे इथेच, या थांब्यावर, डबे घेऊन उभे. एसटी आली आणि आम्ही चढलो.

गुरुवार असा उगवला की बघत राहावं. धुकं उठलं आणि तळं निळंशार. वीसेक माणसं ओळीने बसून कापत होती, विळ्यांचा खसखस आवाज, मध्येच कोणाची तरी चेष्टा. ती बहुतेक माझीच. "नंदे, तुझ्या रेडिओला सांग, छत्री घरी इसरलीया," शंकरनाना म्हणाले. बापू म्हणाले, "तुरळक ठिकान म्हंजी पुन्याच्या सायबाचा बंगला असंल." आई पदराआड हसली. मला राग आला नाही. त्या दिवशी मला हरायचं होतं, रेडिओसकट. संध्याकाळी तिन्ही खाचरांत कापलेलं भात पसरलेलं होतं, सोनेरी, एकसारखं, आणि सगळी माणसं शेवटच्या एसटीने परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती. मला दिवाळीची सुट्टी होती म्हणून मी आणि आई मागे राहिलो.

शुक्रवारी धुकं उशिरापर्यंत राहिलं. ऊन आलं तेही पिवळट. आम्ही दोघींनी भात उलटलं, तर खालची बाजू ओली. शनिवारी सकाळी मी बाहेर आले आणि चकित झाले, धुकं नव्हतंच. तळ्यापलीकडचे डोंगर हाताशी आल्यासारखे स्वच्छ. मी आनंदाने आईला हाक मारली. पण खालच्या घरातली तान्हाबाई, जिचं भात आमच्या आधीच्या गुरुवारी निघून घरात पडलं होतं, ती आभाळाकडे बघत म्हणाली, "आज दव पडलं न्हाई. मला काय बरं दिसत न्हाई, बाई." हवेत थंडीच नव्हती. पाण्यावरून कोमट वारा येत होता.

आई रानात जाऊन नुसती उभी राहिली. पुढे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून मी तिला घाई करत होते, की आपण भारे बांधू, रचून ठेवू. ती म्हणाली, "वलं रचलं तर आतून तापतं, कुजतं. न्हाई रचलं तर भिजतं." एवढंच बोलली आणि माझ्याकडे बघितलं, जणू मीच मोठी आणि तीच लहान. दुपारपर्यंत तळ्याच्या पलीकडची कडा काळी झाली. मग तिने विचार सोडला आणि बांधायला सुरुवात केली. मी पेंढ्या उचलत होते, ती आवळत होती, तान्हाबाईही विळा टाकून मदतीला आली. आमच्याकडे झाकायला एकच वस्तू होती, अण्णांनी कंपनीतून आणलेला जाड प्लास्टिकचा कागद. नवीन मशीन त्यात गुंडाळून आलं होतं. त्याखाली एका खाचरातलं भातसुद्धा मावलं नसतं. कोणतं खाचर वाचवायचं हे आईला ठरवता येईना. ती एकातून दुसऱ्यात पळत होती, चार पेंढ्या इथल्या आणायची, चार तिथल्या, कोणालाच मागे टाकवत नसल्यासारखी.

पाऊस पाण्यावरून चालत येताना मी पहिल्यांदा पाहिला. आधी पलीकडचे डोंगर गेले, मग निम्मं तळं गेलं, मग आवाज आला. तान्हाबाई तिच्या गोठ्याकडे पळाली, आणि वाऱ्याने कागद उडायला लागला तशा आई आणि मी, आम्ही दोघी त्याच्या दोन टोकांवर बसलो, अंगाचं वजन टाकून. धुवाधार पाऊस. खाचरात पाणी साचायला लागलं. खाचर असतंच पाणी अडवायला. आई उठली, कुदळ घेतली, आणि पावसाळाभर स्वतःच्या हाताने लिंपलेला बांध फोडायला लागली. पाणी निघालं आणि त्याच्याबरोबर लोंब्याही तळ्याकडे निघाल्या. ती गुडघाभर चिखलात बसून दोन्ही हातांनी त्या अडवत होती. मी कागदावरून उठू शकत नव्हते, उठले असते तर होतं तेही गेलं असतं. मी तिथूनच रडत "आई, राहू दे" असं ओरडत राहिले. आयुष्यात नंतर मोठी दुखणी पाहिली, माणसं गेलेली पाहिली. पण हातपाय धड असून काहीच करता न येणं मी जे तिथे बसून शिकले, ते पुन्हा शिकायची वेळ आली नाही.

पाऊस थांबला तरी मळभ हटलं नाही. रोज रिपरिप. उघड्यावरच्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटले. कागदाखालचं तरी राहिलं असेल म्हणून आईने गंजीत हात घातला आणि तसाच ठेवला. मला म्हणाली, "बघ." मी हात घातला, आत ऊब होती, आजारी माणसाच्या कपाळासारखी. आम्ही ते सगळं उपसून पुन्हा पसरलं. घरात, ओटीवर, तान्हाबाईच्या गोठ्यात. जमेल तेवढं झोडलं. आठवडाभर घरभर आंबूस वास होता आणि आम्ही त्यातच जेवत होतो.

मग पुढचा गुरुवार आला, लख्ख उन्हाचा. आणि रीतीप्रमाणे आई शंकरनानाचं भात कापायला गेली. मी म्हटलं, तू नको जाऊ, कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "आपल्यात समदी आली व्हती ना?" ती ओळीत बसली आणि दिवसभर खाली मान घालून कापत राहिली. त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही. आमटी वाढताना बापूंनी पातेल्यात डोकावलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बापू आणि अण्णा आमच्या ओटीवर आले. झोडलेलं भात एका कोपऱ्यात होतं, ढीग म्हणवणार नाही इतकंच. बापूंनी मूठभर घेतलं, तळव्यावर चोळलं, फुंकलं. कोंब आलेले काळपट दाणे. त्यांनी ते टाकले नाहीत, परत ढिगावर अलगद ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नंदे, तुझ्या आईला सांग, ह्यात तिची काय बी चुकी न्हाई. शब्दाचं सोड म्हनावं. सायबाला मी न्हाई म्हनून सांगतो. पुढल्या साली बघू."

माझ्या जिवात जीव आला. मला बापूंच्या पायाच पडावंसं वाटलं. मी आईकडे वळले, की तिचा चेहरा बघावा. ती चुलीपाशी बसली होती, पदर पुढे ओढलेला, हातात फुंकणी.

"बापूंना इचार," ती म्हणाली, "पुढल्या साली कंपनी बेस्तरवार बदलनार हाय का?"

हे मी काय विचारणार? बाहेर शंकरनानाच्या रानातून परतणाऱ्या बायकांचे आवाज येत होते.

"मंग पुढल्या साली बी आसंच. त्याच्या पुढल्या साली बी. मला पुन्यांदा न्हाई बघवायचं," आई म्हणाली. "सांग त्यांना, रान इका म्हनावं."

अण्णा खाली बघत होते. बापूंनी ते ऐकलं होतं, दोन हातांवर तर उभे होते, पण ते माझ्याच तोंडाकडे बघत थांबले. रिवाज होता. मी इकडून तिकडे बघितलं, कोणीतरी मला सोडवेल म्हणून.

"सांग, नंदे."

"बापू," मी म्हणाले, "आई म्हनती, इका."